तुम्हाला येतंय हो, पण पात्रता?

...आन् वर मलाच म्हणतात, 'मॅडम, तुम्हाला येतंय हो, पण पात्रता?' आता बोला! म्हंजे तुमाला सांगते, पोहता येणाऱ्या बाईला विहिरीच्या काठावं उभं करायचं आन् इचारायचं, बाई, पोहण्याचा दाखला कुठंय? न्हाई? मंग बसा काठावं. आन् आत कुणाला उतरवायचं? ज्याला पाणी बघूनच चक्कर येती त्याला! का? तर तो घरचा हाय!

हसू नका. म्हंजे हसा, मीबी हसते, हसल्याबिगर माणूस जगंल कसं... पण आधी ऐकून तर घ्या.

मी वैजयंती. निमगाव सावाची. म्हंजे सून तिथली. आन् मला फ्रेंच येतं. झालं, बघितलं तुमी एकमेकाकडं! सगळे असंच बघतात. कुणी म्हणलं मला कानडी येतं, तर लोक म्हणतात व्हय का, छान. फ्रेंच म्हणलं की माझ्या पायातल्या चपलीपासून डोक्याच्या पदरापर्यंत बघत जातात, कुठं लपवलंय म्हणून.

तर आमच्याकडं हायवेच्या अंगाला एक वाइनची कंपनी व्हती. आता न्हाई ती, द्राक्षं तेवढी राह्यली. मी नवीन नवरी, बी.ए. झालेली, आमचे हे, म्हंजे सुभाषराव, म्हणले घरात बसून काय करती, जा ऑफिसात, फोन उचलायचं काम हाय. गेले. पयलाच फोन उचलला तर पलीकडून माणूस नाकातून कायतरी गाणं म्हणतोय! मी ठेवून दिला. परत वाजला, परत ठेवला. असं लई वेळा झाल्यावर मॅनेजर पळत आला, 'अहो, फ्रान्सचा फोन आहे तो!'

आन् तिथंच एक म्हातारा फ्रेंच साहेब व्हता, वाइन चाखून बरी-वाईट ठरवणारा. नाव जेरार. गड्यांनी आठवड्यात त्याचा जयराम केला. जयरामसाहेब. हा बाबा इंग्रजी बोलायचाच न्हाई. येत व्हतं हो, पण बोलायचं न्हाई म्हंजे न्हाई! मंग त्याचं आन् गड्यांचं भांडण लावायला मधी कुणीतरी पायजे, ती मी. मी म्हणलं, साहेब, मी निमगाव सावाची, तर हा हसाय लागला, कारण त्यांच्यात 'सा व्हा' म्हंजे 'बरं चाललंय ना?' रोज सकाळी मला गावाच्या नावानं इचारायचा, आन् मी म्हणायची, बरं चाललंय. शिकवलं त्यानं मला. बाटल्यांना लेबलं लावता लावता शिकवलं, रागावून शिकवलं. मी एक शब्द चुकले की छातीला हात लावून खुर्चीत कोसळायचा, जसा काय मी त्याला सुरीच मारली.

मंग कंपनी मिटली, जयरामसाहेब गेला त्याच्या गावाला, आन् मी राह्यले हितं, तोंडात फ्रेंच घेऊन. बोलू कुणाशी? सांगा ना! सासूबाईंशी? सुभाषरावांशी? ते मराठीतच धड बोलत न्हाईत, 'जेवण' आन् 'चावी' एवढंच बोलतात. भाषा काय लोणचं हाय का, बरणीत घालून ठेवलं की मुरंल? ती बोलली न्हाई की नासती. गोठ्यात आमची जर्शी गाय, म्हणलं चला, हीबी तिकडचीच, तिच्याशी बोलत बसायची. धार काढता काढता. सासूबाई एकदा दारात उभ्या राहून ऐकत व्हत्या, मंग गुपचूप गेल्या आन् देव्हाऱ्यातला अंगारा आणून माझ्या कपाळाला लावला. म्हणल्या, 'हुईल बरं.'

तर अशात बाळासाहेबांनी इंग्लिश मीडियमची शाळा काढली. बाळासाहेब म्हंजे आमच्या भागातलं मोठं प्रस्थ, द्राक्षाची बाग, दोन पेट्रोल पंप, आन् आता शाळा. बोर्डावं ह्या एवढ्या अक्षरात, 'पाचवीपासून फ्रेंच.' मी एसटीतून बघितलं आन् तिथंच उतरले, तिकीट पुढचं काढलेलं असताना! गेले थेट केबिनमधी.

बाळासाहेब म्हणले, 'बोलून दाखवा बरं.' मी दाखवलं. जयरामसाहेबानं शिकवलेलं सगळं, द्राक्षावं, उन्हावं, पावसावं. बाळासाहेबांनी डोळे मिटून घेतले, जसं काय भजन चाललंय. म्हणले, 'वा! वा! काय गोड भाषा आहे!' माझ्या अंगावं मूठभर मांस चढलं. म्हणलं झालं, आता वर्ग, आता फळा, आता पोरं एका सुरात 'बोंजूर मॅडाम' म्हणणार... आन् डोळे उघडून म्हणतात कसे, 'मॅडम, तुम्हाला येतंय हो, पण पात्रता?'

मी म्हणलं, 'म्हंजे?'

'म्हणजे सर्टिफिकेट, बी.एड., टीईटी. आपली शाळा नियमानं चालते. तुम्ही पात्र होऊन या, जागा तुमचीच. तोवर ठेवतो मी.'

आन् तोवर काय केलं माहितीय? स्मार्ट बोर्डावं व्हिडिओ लावायला लागले फ्रेंचच्या तासाला! व्हिडिओला पात्रता लागत न्हाई!

पण मीबी हट्टाची. म्हणलं, व्हायचं पात्र. चाळिशी उलटलेली, गुडघा कुरकुरतोय, पण ही भाषा गोठ्यात न्हाई मरू द्यायची. सुभाषरावांना सांगितलं, ते म्हणले, 'चावी कुठंय?' म्हंजे परवानगी.

मंग पुण्याला फ्रेंचच्या सर्टिफिकेटाची परीक्षा. सगळी पोरं कानात ते बोंडं घालून बसलेली, मला वाटलं ह्यांना ऐकू येत न्हाई का काय. एक पोरगी मला म्हणली, 'आँटी, पेरेंट्सनी बाहेर थांबायचंय.' म्हणलं, बाळा, मी पेरेंट बी हाय आन् परीक्षेला बी हाय. आत तोंडी परीक्षेला एक फ्रान्सची बाई. इषय दिला, शहरात गाड्यांवं बंदी आणावी का? आता मी शहरातली हाय का? पण सोडते का, सरळ नारायणगावचा बाजार घेतला, टोमॅटोचे पिकअप, त्यात उसाच्या ट्रॉल्या, त्यात कुणाची वरात, सगळं फ्रेंचमधी उभं केलं! ती बाई लिहायची थांबली. पेन खाली ठेवलं. माझ्याकडं बघतच राह्यली. म्हणली, 'तुम्ही हे असं बोलायला कुठं शिकलात?' म्हणलं, का, चुकलं का? म्हणली, 'नाही. माझे आजोबा असं बोलायचे. खेड्यात. कोंबड्या हाकलताना.'

म्हंजे बघा! पुण्यात आल्यापासून लोक माझ्या मराठीला हसत आले, व्हतं काय म्हणता, न्हाई काय म्हणता. म्हणलं निदान फ्रेंच तरी शुद्ध असंल! तर तीबी गावरान निघाली! अख्खा समुद्र ओलांडून त्या जयरामानं मला खेडंच शिकवून ठेवलं! पण पास केलं बाईनं. डोळ्याला रुमाल लावून पास केलं.

मंग बी.एड. प्राचार्य म्हणले, 'दोन अध्यापन पद्धती निवडा.' म्हणलं फ्रेंच. म्हणले, 'मराठी, हिंदी, इंग्रजी, इतिहास, भूगोल, गणित, विज्ञान.' म्हणलं, सर, फ्रेंच? ते जरा इचारात पडले आन् म्हणले, 'फ्रेंच इतिहासात आहे, मॅडम. राज्यक्रांती.'

घेतला मंग इतिहास! इतिहास आन् मराठी! म्हंजे फ्रेंचची मास्तरीण व्हायला मी नाणेघाटातल्या जकातीवं पाठ घेतला, त्या दगडी रांजणाचा तक्ता रंगवून. वर्गातल्या पोरी माझ्या लेकीच्या वयाच्या, मला मावशी म्हणायच्या, आन् पाठाच्या वेळी त्याच पोरी विद्यार्थी व्हायच्या आन् मी त्यांची बाई. तास संपला की परत, 'मावशी, डब्यात काय आणलंय?' एकदा मी सोमाजीसरांच्या हातापाया पडले, हे आमचे पाठाचे निरीक्षक, मागच्या बाकावं बसून मार्क द्यायचे. म्हणलं, सर, एक पाठ, एकच छोटा पाठ फ्रेंचचा घेऊ द्या. भला माणूस, घेऊ दिला. असा रंगला तो पाठ, पोरी टाळ्या वाजवून गाणं म्हणाय लागल्या, खिडकीतनं दुसरा वर्ग डोकावायला लागला! सोमाजीसर आले पुढं. चष्मा काढला, पुसला, घातला. म्हणले, 'मॅडम, तुम्हाला येतंय हो, पण मला येत नाही. मग मी तुम्हाला पात्र कसं ठरवू?'

माणूस खोटं बोलला का? न्हाई. शेवटी फलकलेखनाचे मार्क दिले. अक्षर चांगलं हाय माझं.

मंग टीईटी. बालमानसशास्त्र! 'वर्गातील एक मूल सतत रडत आहे, शिक्षकाने काय करावे?' खाली चार पर्याय. म्हणलं, शिक्षकच रडत असंल तर मुलानं काय करावं? तो पर्यायच न्हाई! एकदा घसरले त्यात. पोरगी म्हणली, 'आई, सोड आता.' सोडते का! दुसऱ्यांदा बसले आन् निघाले. निघाले, बाई, निघाले! सगळी भेंडोळी पिशवीत घातली, केसाला मेंदी लावली, आन् उभी राह्यले बाळासाहेबांच्या केबिनमधी. त्यांनी एक एक कागद उलटला. म्हणले, 'मॅडम, मानलं तुम्हाला! सोमवारी या, ऑर्डर तयार ठेवतो.'

सोमवारी या! ऐकलं ना तुमी? स्वतःच्या तोंडानं म्हणले व्हते!

आता हितं आमचा गोरख. माझा धाकटा दीर. मनाचा लई चांगला, आन् हीच त्याच्यातली खोड. वहिनीला नोकरी लागली म्हणल्यावर त्याचं पाऊल काय जमिनीवं ठरंना. तुमाला माहिती हाय, आमच्याकडं काय बी झालं की आधी फ्लेक्स. पोरगं दहावी झालं फ्लेक्स, पोरगं दहावी नापास झालं पण त्याचा वाढदिवस हाय, फ्लेक्स. कुणाचा बैल शर्यतीत पळाला, त्या बैलाचा फ्लेक्स, आन् बैलाच्या वर गोल गोल फोटो, आधारस्तंभ, मार्गदर्शक, शुभेच्छुक, पंचवीस जणांचे! माणूस जिवंत हाय का न्हाई हे फ्लेक्सवरून कळतं आमच्यात.

तर ह्यानं शनिवारीच लावला. एसटी स्टँडच्या समोर. मला न सांगता. मी दळण घेऊन चाललेले, वर बघितलं तर मीच! पैठणीत. डोक्यावं ती चौकोनी काळी टोपी चिकटवलेली, पाठीमागं तो पॅरिसचा मनोरा, त्याच्या पलीकडं शिवनेरी, आन् खाली लिवलेलं, 'निमगाव सावाची वाघीण शिकवणार फ्रान्सला धडा!' आन् बरोबर शेजारी वनखात्याचा बोर्ड, 'बिबट्याचा वावर, एकटे फिरू नये.' म्हंजे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळंना, जपून कुणापासून ऱ्हायचं.

मला हसू आलं हो. खरं सांगते, डोळ्यात पाणीबी आलं. तिथंच उभी राह्यले पिठाचा डबा घेऊन. आन् मंग... मंग नजर गेली वरच्या फोटोंकडं.

मधोमध, सगळ्यात मोठा, गॉगल घातलेला, चांगदेवअण्णा!

आता चांगदेवअण्णा कोण? बाळासाहेबांनी सोसायटीच्या निवडणुकीत ज्याला पाडला तो. ज्याचं नाव त्यांच्या घरात चहा पिताना बी काढत न्हाईत तो! गोरख त्याच्या गटातला, हे मला माहीत व्हतं, पण इतका असंल असं वाटलं न्हाई. म्हणलं, गोरखभाऊ, बाळासाहेब कुठायत? तर म्हणतो, 'हायेत की वहिनी, ते बघा.' खाली. अगदी खालच्या ओळीत. मंडपवाला आन् डीजेवाला ह्यांच्या मधी. एवढासा फोटो! लग्नातला जुना, फेट्यामुळं निम्मं कपाळ गेलेलं!

म्हणलं, 'काढ! आत्ताच्या आत्ता काढ!'

'वहिनी, आसं कसं, लोकांनी बघितलाय. काढला तर अण्णाला काय वाटंल?'

अण्णाला काय वाटंल! अण्णाला!

सोमवारी गेले. आपली गेले, कोऱ्या साडीत. बाळासाहेब बसलेले, समोर पेपर धरलेला. वर बघंनात. बसा म्हणंनात. मी म्हणलं, 'साहेब, ऑर्डर...' पेपर खाली केला, एवढं गोड हसले, आन् हे गोड हसणंच वाईट बघा, आमच्याकडं माणूस शिवी देत असला की अजून आशा असती. म्हणले, 'मॅडम, तुमची पात्रता आहे हो. पण पद कुठंय?'

'साहेब, तुमीच म्हणलं व्हतं...'

'मॅनेजमेंटचा निर्णय झाला. अंतर्गत सोय केली आपण.' मंग पेपर परत वर, आन् पेपराच्या मागून आवाज, 'चांगदेवअण्णांच्या शाळेत बघा की.'

अण्णाची शाळाच न्हाई! अण्णाचं मंगल कार्यालय हाय! तिथं काय शिकवू, वरमाईला?

सुभाषराव गेले मंग समजूत घालायला. माणूस जन्मात पयल्यांदा सलग चार वाक्यं बोलला असंल. शाल घेऊन गेले, नारळ घेऊन गेले. बाळासाहेबांनी शाल घेतली, नारळ घेतला, चहा पाजला, आन् द्राक्षावरच्या भुरी रोगाचं बोलत बसले. मंग गोरखला आपली चूक उमगली, तर त्या शहाण्यानं काय केलं? दुसरा फ्लेक्स लावला! बाळासाहेबांचा. हा एवढा, हात जोडलेला, 'शिक्षणमहर्षी'! आन् माझा फोटो खाली कोपऱ्यात, टोपीसकट. झालं, चांगदेवअण्णानं त्याच्याशी बोलणं टाकलं. आन् बाळासाहेब? फ्लेक्सखाली उभं राहून फोटो काढून घेतला आन् गाडीत बसून गेले. तुमाला सांगते, आमच्या खोडदला त्या मोठाल्या अँटेना हायेत ना, त्यांना म्हणं कोट्यवधी मैलांवरच्या ताऱ्याची कुजबूज ऐकू येती. म्हणलं, एक अँटेना जरा बाळासाहेबांच्या केबिनीकडं वळवा रे, मी कवाची बोलतीय!

आन् अंतर्गत सोय म्हंजे काय? त्यांची सून! संस्कृती. एम.ए. इंग्लिश. म्हणलं फ्रेंचचं काय शिकलीय ती? तर शाळेतला क्लार्क मला म्हणतो, 'मॅडम, इंग्लिश आलं म्हणजे फ्रेंच जवळजवळ आलंच की. एबीसीडी एकच आहे.' म्हणलं, बाबा, मंग मराठी-संस्कृत बी एकच लिपी हाय, कर बरं उद्या सत्यनारायण! पण न्हाई. मी सर्टिफिकेट केलं, बी.एड. केलं, टीईटी दोनदा दिली, आन् पात्र कोण? जिचा फोटो घरातल्या भिंतीवं हाय ती!

लई राग आला हो. दोन दिस जेवले न्हाई. गायीशी सुद्धा बोलले न्हाई.

आन् तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दारात कोण? संस्कृती. पोरगी बारीकशी, स्कूटीवरून आलेली, स्कार्फमधून डोळे तेवढे दिसतायत आन् ते रडून लाल. मी म्हणलं, ये. म्हंजे म्हणायचं व्हतं जा, पण तोंडातून ये निघालं, सवय. ती पायरीवं बसली आन् हमसून हमसून, 'काकू, मी मागितली नव्हती हो ही नोकरी. पप्पा म्हणाले उद्यापासून तू फ्रेंच टीचर, मी म्हणाले मला येत नाही, तर म्हणाले, तुला बी.एड. आहे ना, पात्रता आहे, येण्याचं बघू नंतर. आज पाचवीतल्या एका मुलानं विचारलं, मॅम, फ्रेंचमध्ये पाऊस कसा पडतो? काकू, मला "बोंजूर"च्या पुढं काहीच येत नाही. मी त्याला सांगितलं, फ्रान्समध्ये पाऊस पडत नाही.'

आता सांगा. मी काय करायला पायजे व्हतं? दार लावायला पायजे व्हतं. सुभाषराव आतून म्हणले सुद्धा, 'दार लाव.' पण त्या पाचवीतल्या पोराचा काय दोष? ते जन्मभर म्हणत फिरायचं, फ्रान्सला दुष्काळ हाय! म्हणलं, पूस डोळे. आन् म्हण माझ्या मागून.

तवापासून रोज येती. घरी सांगती, काकूकडं पापड लाटायला चालले. बाळासाहेब म्हणतात जा, सूनबाई गुणाची हाय. मी आज शिकवते ते ती उद्या शाळेत शिकवती. चुकली की मी छातीला हात लावून खुर्चीत कोसळते. लई हुशार पोरगी हो, पटापट उचलती. आन् लई वाईट वाटतं मला, की ती हुशार हाय. ढ असती तर बरं व्हतं. निदान रागवता तरी आलं असतं.

परवा लग्नात भेटले बाळासाहेब. पंगतीत फिरून 'सावकाश, सावकाश' करत आले, माझ्यापाशी थांबले. म्हणले, 'मॅडम, राग नका धरू. आमच्या संस्कृतीचं फ्रेंच ऐकलंत का? काय गोड बोलते! पालक खूश आहेत. मी काय म्हणतो, तुम्ही घरी रिकाम्याच असता, जरा तिच्याकडं येऊन शिकून घेत जा. तेवढीच प्रॅक्टिस राहील. पुढं-मागं जागा निघाली तर...'

पलीकडं संस्कृती बसलेली. तिचा घास हातातच. माझ्याकडं बघतीय, आता ही काय बोलती म्हणून.

मी जिलबीचा तुकडा मोडला, तोंडात टाकला, गिळला. म्हणलं, 'व्हय साहेब, येईन की. मॅडमना येळ कधी असतो, तेवढं इचारून सांगा. मी काय... रिकामीच हाय.'